नऊ घरांची पट्टी

२ फेब्रुवारी

या दोन हातांनी आजवर केलेलं, खरं तेवढंच लिहितो. बरण्यांचे साचे तीनशे अकरा. भट्टी एक, धुराड्यासकट, वीट न् वीट. प्लास्टर ढवळायचं यंत्र, जुन्या सायकलच्या चाकावर चालणारं. घराचा जिना – चौदा पायऱ्या, एकही करकरत नाही. स्वयंपाकघरातलं फडताळ, त्याचं डावं दार अर्धा मिलिमीटर खाली बसतं, पण ते मलाच माहीत आहे. शिक्षण सहावी. ते हातांनी करायचं नव्हतं, म्हणून अर्धवट राहिलं.

हे सगळं मांडायचं कारण, आज रसायनांच्या कारखान्यातल्या खरेदीच्या बाई स्वतः घरी आल्या. त्यांना आम्लासाठी बरण्या हव्यात. गळ्यावरच्या रेघेपर्यंत बरोबर दहा लिटर. एका हौदात एक बरणी ओततात, पुन्हा मोजत नाहीत. बरणी चुकली की अख्खा हौद वाया. रस्त्यापलीकडच्या बरणी-कारखान्याने दोनदा माल दिला, दोन्ही वेळा परत गेला.

त्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं साचे केले. गेल्या वर्षी मालकांचा पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, साच्यात काय एवढं, कोणीही ओततं. त्याच दुपारी एप्रन खुंटीला लावला आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं.

बाईंची अट अशी: तीन बरण्या, पंचवीस मार्चला, त्यांच्यासमोर मापायच्या. पन्नास मिलीच्या वर फरक चालणार नाही. जमलं तर दोनशे बरण्या माझ्या. नाही जमलं तर भट्टी थंड, आणि मी पुन्हा त्या पुतण्याच्या हाताखाली. माझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. बायकोला हे माहीत आहे.

३ फेब्रुवारी

परत आलेल्या मालातली एकेक बरणी बाईंकडून मागून आणली. पाणी भरून मापली. पहिल्या खेपेची: आठ लिटरला घोटभर कमी. दुसऱ्या खेपेची: साडेनऊला थोडी कमी.

पुतण्याचं डोकं कसं चाललं ते लगेच दिसलं. आपली माती वाळताना आणि भाजताना आकसते, एक दशांश. हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. म्हणून पठ्ठ्याने दहा लिटरमध्ये एक दशांश वाढवला आणि कच्ची बरणी अकरा लिटरची केली. भाजून निघाली आठाची! मग कमी पडले ते दोन वर टाकून तेराची केली. तीही कमीच.

मनसोक्त हसलो. मग हसू थांबलं, कारण किती वाढवायला हवं होतं ते मलाही सांगता येईना. एकोणीस वर्षं नमुना बघून, अंदाजाने साचे केले. पोटात नेमकं किती मावतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी

मातीची चौकोनी पेटी करतोय, उघड्या तोंडाची. आतून दहा सेंटीमीटर लांब, दहा रुंद, दहा खोल. म्हणजे कच्ची असताना बरोबर एक लिटर. आतलं माप पक्कं राहावं म्हणून आत लाकडाचा ठोकळा ठेवला.

७ फेब्रुवारी

पेटी चारही कोपऱ्यांत फाटली. अर्थात फाटणार! माती आकसते, लाकूड आकसत नाही. ठोकळा काढायला विसरलो. पंचवीस वर्षं मातीत घालवून अशी चूक. कोणाला सांगितली नाही. फक्त इथे.

८ फेब्रुवारी

दुसरी पेटी. ठोकळा लगेच काढला. ताई येऊन बघून गेली. चौतीस वर्षं शाळेत शिकवून आता निवृत्त आहे, आमच्याकडेच असते. विचारते, काय रे, चिमण्यांना घर बांधतोस? म्हटलं, हो, भाडं तू गोळा कर.

१६ फेब्रुवारी

पेटी भट्टीतून निघाली. कॅलिपर लावला: नऊ, नऊ, नऊ. ठरल्याप्रमाणे एक दशांश कमी. आता पाणी किती मावेल? लिटरमधून एक दशांश गेला, म्हणजे नऊशे मिली. बायकोसमोर छाती ठोकून सांगितलं.

मावलं सातशे एकोणतीस.

पुन्हा मापलं. मापाचं भांडं धुऊन तिसऱ्यांदा मापलं. सातशे एकोणतीसच. बायको म्हणाली, "अहो, पेटी गळत असेल." तिच्या पदराने बूड पुसून दाखवलं. कोरडं ठाक. पदर का वापरला यावरून वेगळं भांडण झालं.

लांबी फक्त दहावा भाग घटली, आणि पोटातलं पाव भागाहून जास्त नाहीसं. कुठे गेलं?

१७ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी.

ओल्या मातीचा दहा-दहा-दहाचा ठोकळा केला. मनाशी म्हटलं, आकसणं हातानेच करून बघू. तार घेतली. उजव्या बाजूने एक सेंटीमीटर जाडीचा काप काढला. शंभर गेले, नऊशे उरले. मी काल इथेच थांबलो होतो, आणि तो पुतण्याही इथेच थांबला. पण ठोकळा आता नुसता अरुंद झालाय. समोरून अजून दहाच आहे, उंचीलाही दहाच. माती काय एकाच बाजूने आकसते? समोरून काप काढला. हा काप आधीच्यापेक्षा लहान, कारण ठोकळाच लहान झालाय: नव्वद. उरले आठशे दहा. मग वरून काप: एक्क्याऐंशी.

उरले सातशे एकोणतीस.

काल पाण्याने सांगितलं तेच आज तारेने सांगितलं. तिन्ही काप फळीवर ओळीने मांडले आणि नुसता बघत उभा राहिलो. लांबीचा घाव एक, पण पोटावर तो तीनदा बसतो. मोठं करतानाही तसंच, तीनदा वाढ. दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच बरणी केली तर तिच्यात दोन नाही, आठ बरण्या मावतील. आठ!

कोणी सांगितलं नाही. पुस्तक नाही, मास्तर नाही. दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी

कागदावर: हवेत दहा लिटर, तर कच्ची बरणी तेरा लिटर सातशे सतरा मिलीची. पुतण्या तेरापर्यंत आला होता. तिथून पुढे त्याला रस्ताच माहीत नव्हता.

२० फेब्रुवारी

पण बरणी म्हणजे पेटी नव्हे. तिला पोट आहे, खांदा आहे, गळा आहे. प्रत्येक वळणाचा हिशेब कागदावर करत बसलो तर जून उजाडेल. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.

आज लक्षात आलं की पोटाचा हिशेब करायचाच नाही! लांबी नीट केली की पोट आपोआप नीट होतं. पितळेची पट्टी घेतली, तिच्यावर दहा सेंटीमीटर मोजले आणि त्यांचे नऊ सारखे भाग पाडले. पुढेही तसंच. या पट्टीवरचं प्रत्येक घर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा जरासं लांब. आता बाईंनी दिलेल्या नकाशातली भाजलेल्या बरणीची मापं जशीच्या तशी घ्यायची, फक्त या पट्टीने मोजायची. पट्टीवर नऊ म्हणजे खरे दहा, भाजल्यावर खरे नऊ. गळा, खांदा, बूड, सगळ्यांची काळजी पट्टीच घेते.

रेघा कोरायला सहा तास लागले. एकही वाकडी नाही.

२३ फेब्रुवारी

बायकोने नव्या पडद्यांचं कापड मापायला समोर दिसली ती पट्टी उचलली. माझी पट्टी! पडदे खिडकीखाली वीतभर लोळतायत. मी समजवायला गेलो की पट्टी चूक नाही, ती आकसणाऱ्या वस्तूंसाठी आहे. ती म्हणाली, "मग तुमचे पडदेही भट्टीत घाला, म्हणजे बसतील." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पट्टीच्या मागे लाल रंग लावला.

४ मार्च

मोठ्या बरणीआधी छोटी, एक लिटरची, करून बघितली. आतून-बाहेरून चकाकी लावून भाजली. आज भट्टी उघडली.

नऊशे पंचाहत्तर. पंचवीस मिली कमी.

जेवलो नाही. पट्टी तपासली, बरोबर. बरणी बाहेरून मापली, बरोबर. मग चूक कुठे? पुतण्याचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता.

५ मार्च

चकाकी! पेटीला चकाकी लावली नव्हती, बरणीला आहे. भाजल्यावर आत काचेसारखा थर बसतो. एक ठिकरी फोडून थराची जाडी बघितली: कागदाचे चार पदर, बस. पण सगळ्या भिंतींवर आणि बुडावर मिळून तोच पंचवीस मिली खातो. साचा आतून तेवढाच सैल करायचा.

आणि यात एक गंमत सापडली. मोठ्या बरणीत हा थर शंभरच्या वर मिली खाईल, पण दहा लिटरमधून. म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. छोटीत शेकडा अडीच खाल्ले होते. बरणी वाढवली की भिंती वाढतात, पण पोट त्यांच्यापुढे पळतं. थर भिंतीला बसतो, पाणी पोटात बसतं. मोठ्या बरणीला हा त्रास निम्म्याहूनही कमी!

हे मी आज पाच वेळा स्वतःलाच समजावून सांगितलं. प्रत्येक वेळी तितकंच छान वाटलं.

७ मार्च

मोठ्या साच्यातून बरण्या ओतल्या. तीन हव्यात, पाच केल्या. भट्टीवर माझा विश्वास आहे, पण तिच्या लहरीवर नाही.

१३ मार्च

वाळतायत. रोज दोनदा फिरवतो. बायको म्हणते, आपल्या मुलांना लहानपणी कधी इतक्यांदा कुशीवर वळवलं नाहीत.

१९ मार्च

भट्टी लावली.

२२ मार्च

उघडली. एकीच्या बुडाला तडा. एकीच्या चकाकीला फोड. तीन निर्दोष. तीनच हव्या होत्या, तीनच राहिल्या. घरी मापल्या नाहीत. बायको म्हणाली, मापून तर बघा, जिवाला घोर कशाला? नको म्हटलं. पट्टीने मोजून केलेल्या आहेत; पाण्याने एकदाच सांगावं, आणि सगळ्यांसमोर.

खरं कारण हे की हिंमत झाली नाही. हेही फक्त इथे.

२५ मार्च

बाईंच्या खोलीत लांब टेबल, वर तीन बरण्या, नळाला लावलेलं काचेचं माप. मालक आले होते, पुतण्याला घेऊन. बाईंनीच बोलावलं होतं. पुतण्याने मला विचारलं, किती टक्के वाढवले? म्हटलं, टक्के वाढवले नाहीत, पट्टी वाढवली. त्याला वाटलं मी टोलवतोय.

बाई स्वतः ओतत होत्या. नववा लिटर गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर कोणीतरी ट्रकची काच पुसत होतं. तो माणूस मला जन्मभर आठवेल.

पहिली: दहा लिटर आणि वर बारा मिली.

दुसरी: दहाला सहा मिली कमी.

तिसरी: पाणी वर चढलं, रेघेला टेकलं आणि थांबलं. दहा. बाईंनी खाली वाकून, डोळा रेघेच्या पातळीत आणून बघितलं. मग सरळ होऊन म्हणाल्या, "दोनशे लिहून घेते."

पुतण्या म्हणाला, योगायोग असेल. मालक त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तीनदा?"

एवढंच बोलले. एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं सगळ्यात मोठं वाक्य! घरी चालत आलो. बस होती, पण बसवलं नसतं.

२६ मार्च

मालक आज माझ्या शेडमध्ये आले. वाकून आले, कारण माझं दार बुटकं आहे. फळीवर बसून त्यांनी चहा घेतला. बरण्यांची गोष्टच काढली नाही, हिशेब मागितला. पट्टी कशी आखली, लांबीतला एक दशांश पोटातला पाव भागाहून जास्त कसा खातो, ते सगळं फक्त त्यांना सांगायचं आणि बाहेर कधीही, कोणाला बोलायचं नाही. त्याबद्दल एक रक्कम बोलले. उद्या सांगतो म्हटलं. ते गेल्यावर शेडमध्ये एकटाच राजासारखा फिरलो. माझा शोध, आणि त्याला गिऱ्हाईक!

२७ मार्च

सकाळी ताईला सांगितलं, शोध विकतोय. तीन काप, सातशे एकोणतीस, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती उठली, कपाटातून सातवीचं गणिताचं पुस्तक काढलं, पान ब्याण्णव उघडलं. दहाचा ठोकळा, तीन बाजूंनी कापलेला, खाली छापलेलं: ७२९. मी सहावीत शाळा सोडली.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"चौतीस वर्षं पोरांना हे पान पाठ करताना पाहिलं. एकदा कोणाला तरी ते सापडताना बघायचं होतं रे."

सातवीच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात आहे, ते विकायचं कसं? मग पुस्तक काखेत मारून रस्ता ओलांडला आणि मालकांच्या टेबलावर पान ब्याण्णव उघडून ठेवलं. शेजारी पट्टी ठेवली आणि ती कशी आखायची ते पुतण्याला दाखवलं, फुकट. हिशेब त्यांच्यापुरता ठेवून तोंड बंद करण्याबद्दल त्यांनी देऊ केलेली आणि मी नाही म्हटलेली रक्कम: साडेतीन लाख.