देवभात

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

ती. जयवंती वहिनी,
नमस्कार. कुशल काल येऊन गेला. बोईसरच्या कंपनीत बढती मिळाली म्हणे, पण तुमच्या चिरंजीवांचं पोट बढतीच्याही पुढे धावतंय! पेढे पोचले. तुम्ही पाठवलेली देवभाताची पिशवीही पोचली.

लहानपणी ऋषिपंचमीला मी देवभातासाठी हटून बसायचे. नांगराचं खायचं नाही, न पेरता उगवलेलंच चालतं. तुम्ही तळ्यात कंबरभर पाण्यात उतरून लोंब्या बांधून ठेवायच्यात, पिकताच दाणा गळून जातो म्हणून.

तुमचा निरोप कुशलने तुमच्याच आवाजात सांगितला. "आत्याला सांग, यंदा देवभात तळ्यातून आपल्या खाचरात आलाय. दोनदा तणनाशक मारला, बाकी सगळा तण करपला, ह्यो जागचा हालला नाय. देवाचा हाय, मरल कसा?" तो हसत होता. मला हसू आलं नाही.

तळ्यापलीकडे दोन वर्षांपूर्वी त्या नव्या भाताची चाचणी झाली, आठवतं? जनुक बदललेलं, तणनाशकाने न मरणारं भात. सरकारला सल्ला देणाऱ्या समितीत मी होते. दिनादादाने आपल्या माकुणसार गावभर सांगितलं होतं, "आमची हेमा हाय तिथं, भिऊ नका."

तपासणीच्या कागदावर एक प्रश्न होता. भाताची रानटी जात आसपास आढळते का? मी लिहिलं, "आढळत नाही." वहिनी, शपथेवर सांगते, तेव्हा आठवलंच नाही. रानटी म्हणजे रानातलं काहीतरी. देवभात म्हणजे तुमच्या हातचा, दूध घातलेला.

पण पुढचंही सांगायला हवं. गेल्या वर्षी पंचमीला तुम्ही ताट वाढलंत, तेव्हा पहिल्याच घासाला आठवलं, भाताची रानटी जात ती हीच. पोटभर जेवले आणि गप्प बसले. समितीतली खुर्ची जाईल, याची भीती वाटली. लाज वाटते.

नव्या भाताचे पराग वाऱ्याने तळ्यातल्या देवभातावर पडले असणार, न मरण्याचा गुण त्यातूनच उतरला. आता हा देवभात औषधाने मरायचा नाही, कापणीआधीच गळेल आणि दरवर्षी दुप्पट उगवेल. तण खाई धन, हे तुम्हीच म्हणायच्यात. सोमवारी समिती हे बियाणं सगळ्या किनारपट्टीला द्यायचं ठरवणार आहे, माझ्या त्या दोन शब्दांच्या भरवशावर. मी उभी राहून चूक सांगणार आहे. परवानगी कदाचित थांबेल. तळं थांबणार नाही.

खाचरातली रोपं मुळासकट उपटा, वाळवून जाळा. लोंबी बांधू नका.

आणि एक. कुशल जाता जाता म्हणाला, यंदा अमाप आलाय म्हणून तुम्ही शिरगाव, केळवे, सफाळ्यापर्यंत लोकांना आपापल्या तळ्यांत टाकायला ओंजळ-ओंजळ दिलात. देवभात मागितला तर नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. वहिनी, कुणाकुणाला दिलात? एकेक नाव आठवून कळवा.

दादाला माझं मीच सांगेन. तुमची पिशवी चुलीशेजारी ठेवली आहे. जाळायची आहे, अजून हात होत नाही.

तुमच्या ताटावर गप्प बसलेली,
हेमा