भाकरी होईपर्यंतचं भाषण

मु. पो. नळदुर्ग (म्हणजे पोस्ट नळदुर्गचं, मुक्काम पाण्यात)

आदरणीय शरिफा आपा,

धाकट्या महेबूबचा सलाम. तुमच्या गुडघ्याची तब्येत कशी आहे? लोहाऱ्याच्या डॉक्टरनं दिलेलं तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून त्याला दुरूनच सलाम करता? यास्मिन सूनबाई आणि मुलं खुशाल असतील. आम्ही इथं खैरियतीनं आहोत. फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याच्या पुढं जाऊ देत नाही, आणि बेटावर फोनला रेंजही नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

निखत आणि जावईबापू साजिद यांनी तलावातल्या टेकाडावर हॉटेल काढल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. ते टेकाड साजिदच्या आजोबांच्या शेतातलं. खालचं शेत पाण्यात गेलं, टेकाड तेवढं वर राहिलं, आणि ज्याला कुणी फुकट घेत नव्हतं त्याचं बेट झालं. वर एक मोठी चिंच, चिंचेखाली चार बाजा आणि दोन टेबलं, मागं चूल. बस, एवढंच हॉटेल. सकाळी पाण्यावर धुकं असतं तेव्हा काठावरून चिंच तेवढी दिसते, आणि ती कशावर उभी आहे हे कळतच नाही. आपा, मी आयुष्यात कोणत्याही गोष्टीची अकारण स्तुती केलेली नाही (माझ्यावर नाराज झालेल्या चारही पक्षांना हे माहीत आहे), पण त्या बेटावर पाय ठेवला की माणसाला आपण कुठून आलो ते आठवायला थोडा वेळ लागतो.

आता तिथली रीत सांगतो, कारण सगळं रामायण त्या रीतीतून घडलं. गिऱ्हाईक काठावर आलं की वीरप्पा (होडी त्याची, आणि होडीपेक्षा जास्त भोकं त्याच्या बनियनला) टॉवेल हलवून किती माणसं ते बेटावर कळवतो. मग साजिद पाण्यात सोडलेल्या जाळीतून जिवंत मरळ मासा काढतो, आणि निखत पीठ मळायला घेते. माणसं दिसल्याशिवाय पीठ मळायचं नाही, हा तिचा कायदा. शिळी भाकरी आणि शिळा विचार ताटात वाढू नये, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. शिकवताना माझ्या लक्षात आलं नाही की चूल पेटून भाकरी होईपर्यंत गिऱ्हाइकानं काय करायचं. होडी तर दुसरी माणसं आणायला गेलेली. चहूकडं पाणी, पोटात भूक, आणि पळून जायची सोय नाही.

निखत म्हणाली, “अब्बा, तेवढा वेळ तुम्ही बोला की.”

आपा, मला हवं ते माझ्याच लेकीनं मागितलं! हुंडाबंदी, पाणी, वाचनालयं, बायकांच्या नावावर जमीन, अशा किती विषयांवर मी या जिल्ह्यात गावोगाव बोललो आहे. माझ्या सभेत डुलकी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. बैल घेऊन चाललेली माणसं बैलांसकट थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी चिंचेला पाठ टेकून मी हुंड्यावर कडाडलो. समोर सोलापूरचं एक कुटुंब होतं (मुलगा पनीरसाठी हट्ट धरून बसलेला), हैदराबादचं एक जोडपं होतं (दालचा कसा असावा हे निखतला समजावून सांगायला आलेलं), आणि हायवेवर कांद्याचा ट्रक लावून आलेला एक ड्रायव्हर होता. मी मूठ आवळली, आवाज चढवला, आणि पहिल्या टाळीची वाट पाहत थांबलो. टाळी आली नाही. घोरणं आलं.

सगळे झोपले होते. पनीरवाला मुलगासुद्धा.

मी कारणाचा शोध घेतला. माझ्या भाषणात दोष नव्हता. दोष पाण्याचा. माझ्या तोंडातून शब्द निघतो तेव्हा ती ठिणगी असते, पण तलावावरून एक चक्कर मारून परत येईपर्यंत तिचा काजवा होतो. वर चिंचेची पानं हलतात, खाली पाणी काठाला थोपटत असतं, त्यात चुलीचा धूर. अशा ठिकाणी क्रांतीची हाक दिली तरी ती अंगाईसारखीच ऐकू येणार. भाकरी झाल्यावर निखतनं सगळ्यांना उठवलं. माणसं लहान मुलांसारखी डोळे चोळत जेवली. ड्रायव्हर तर हात धुऊन पुन्हा बाजेवर आडवा झाला आणि म्हणाला, “मास्तर, ते हुंड्याचं तेवढं परत लावा की, लई गोड डोळा लागला होता.” परत लावा! जणू मी रेडिओ!

गिऱ्हाइकं मोबाईलवर अभिप्राय लिहितात, ते साजिद काठावर जाऊन वाचून येतो. हैदराबादच्या बाईंनी लिहिलं की दालचा बरा, मासा छान, आणि म्हाताऱ्याच्या बोलण्यानं कित्येक दिवसांची झोप भरून निघाली. दुसऱ्या कुणी लिहिलं की जेवण उशिरा मिळतं, पण तोपर्यंत आपण नसतोच. लोक झोपायला येऊ लागले, आपा. घरून उशी घेऊन! एक गृहस्थ मला हळूच म्हणाले, “काका, आज जरा संथ लागेल असा विषय घ्या.”

मी संपावर गेलो. ज्यानं उभं आयुष्य माणसं जागी करण्यात घालवलं, त्यानं लेकीच्या हॉटेलात झोपेची गोळी व्हायचं? बेटाच्या दुसऱ्या टोकाला, गिऱ्हाइकांकडं पाठ करून, मी पुस्तक उघडून बसलो.

मग जे झालं ते न्यायाला धरून झालं, पण वाईट झालं. माणसं जागी राहिली. जाग्या माणसाला माश्या दिसतात, धूर डोळ्यांत जातो, बाजेची सुंभं टोचतात, आणि मुख्य म्हणजे भाकरीला किती वेळ लागतो ते कळतं. तोच मासा, तेच हात, पण एकानं लिहिलं की ही फसवणूक आहे. दुसऱ्यानं विचारलं, भाषण कुठं आहे? हळूहळू वीरप्पाचा टॉवेल खांद्यावरच राहू लागला. एके संध्याकाळी निखत राख भरता भरता म्हणाली, “अब्बा, दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाय जमलं तर पुण्याला जातो. साजिदचा दोस्त कंपनीत लावून देतो म्हणालाय.” तिनं मला बोला म्हटलं नाही. ती माझीच मुलगी, तत्त्वापुढं हात जोडत नाही. मी पुस्तकाचं पान उलटलं. कोणतं पुस्तक होतं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी वीरप्पानं टॉवेल एकदाच हलवला. अणदूरच्या धुरपताबाई एकट्याच आल्या. बाजेवर न बसता थेट माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“दादा, आज बोलत न्हाय व्हय? म्या त्याच्यासाठीच आले. जेवाय तर घरीबी मिळतं.”

मी ताठ मानेनं सांगितलं, “बाई, मी माणसं जागी करतो. झोपवत नाही.”

“जागी तर म्या हायेच की,” त्या म्हणाल्या. “मालक गेल्यापासनं जागीच हाय.”

आपा, विरोधकांनी मला अनेक सभांत अडवलं आहे, पण असं कुणी अडवलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. मुद्दाम माझं सर्वांत जळजळीत भाषण काढलं, विधवेच्या सातबाऱ्याचं. तिसऱ्या वाक्याला बाईंची मान कलली. मग मला थांबायची भीती वाटू लागली. भाकरी झाल्याची निखतनं खूण केली, मी मानेनं नको म्हटलं. रस्सा निवला. ऊन चिंचेच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं, बगळे येऊन बसले, वीरप्पा होडीतच लवंडला, आणि मी बोलतच होतो. मूठ आवळलेलीच होती, फक्त आवाज हळू झाला होता.

उन्हं उतरल्यावर बाई उठल्या. जेवल्या. रश्श्यात मीठ कमी आहे म्हणाल्या. होडीत बसताना वळून म्हणाल्या, “तलाठ्याकडं उद्याच जाते, नाव लावून घेते. तुमी सांगितलं तसं.”

मी चकित होऊन विचारलं, “तुम्ही तर झोपला होता!”

“झोपंतच नीट ऐकू येतं, दादा. जागंपणी डोक्यात लई कालवा असतो.”

त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर रुजू आहे. माझं मत बदललेलं नाही, हे ठणकावून सांगतो. फक्त आता माणूस झोपला म्हणून मी वाक्य अर्धवट सोडत नाही. टॉवेल परत हलू लागला आहे. पुण्याचं नाव गेल्या आठवड्यात कुणी काढलेलं नाही.

लहानांना दुआ, तुमची दुआ आम्हांला.

तुमचा बडबड्या भाऊ,
महेबूब

ता. क. : परवा काठावर गेलो होतो तेव्हा यास्मिनचा फोन आला. दुल्हेभाई गेल्यापासून तुम्ही रात्रभर अंगणात तस्बीहचे मणी ओढत फिरता, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तिला रागावू नका, आणि हे मला माहीत नाही असंच धरून चला. मी एवढंच म्हणतो की सोमवारी गर्दी नसते, साजिद गाडी घेऊन लोहाऱ्याला येईल, आणि चिंचेखालची बाज तुमच्यासाठी नव्यानं विणून घेतली आहे. होडीला घाबरू नका, वीरप्पा भोकं बुजवतो म्हणालाय (होडीची).

ता. क. २ : पत्र बरोबर झालंय का हे पाहायला साजिदला मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्रातल्या चुलीपर्यंत आलो तोवर तो झोपला. वीरप्पाला वाचून दाखवलं तर होडी पाणकणसात जाऊन अडकली. म्हणून पत्राला उशीर.

ता. क. ३ : लहानपणी मला झोपवताना तुम्ही थोपटत म्हणायचात, “बस झालं महेबूब, आता गप.” सोमवारी तेवढं म्हणू नका.