चौथ्या कडव्यावरचा दम

ती. आक्का, बेळगावच्या दवाखान्यातून तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

तब्येत झकास. इथं डॉक्टरकीचा नवा अभ्यासक्रम आलाय, रोग्याचं आधी ऐकायचं. म्हणून तू चुलीपाशी पाठ करून घेतलेली कविता मी शिकाऊ डॉक्टर पारमिताला ऐकवली. चौथ्या कडव्यावर मला दम लागला, तो तिनं बरोबर टिपला.

तेवढ्यात मोठे सर आले. "आजोबांना घरी सोडा," म्हणाले. पारमितासकट नवा अभ्यासक्रम भिंतीला टेकला! सरांपुढं बोलायची इथं रीतच न्हाय.

पण जन्मभर पोरं शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरला ओठावर अडलेलं उत्तर कळतं. मी ओरडलो, "पारमिता, पुढं ये गं! बोल!"

सरांनीही दचकून हाताची घडी घातली. पारमिता बोलली, चौथ्या कडव्यावरच्या दमाचं सगळं.

उद्या हृदयाची तपासणी आहे, घोर लावून घेऊ नकोस. म्हैस व्याली का? तपासणी होईतोवर पारमिताचा हुकूम आहे, तीनच कडवी म्हणायची. सरांनी मान डोलावली.

तुझाच,
शामू