नाद किती टिकतो

रविवार, १६ मार्च

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. वाकून करता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

इकडे सगळं ठीक. तुझी भाची नोकरीत रुळली आहे आणि घरी माझ्यावर हुकूम सोडते. अगदी तुझ्यावर गेली आहे. भाऊजींचा खोकला गेला का?

पत्र का लिहिते आहे ते तुला कळलंच असेल. फोनवर तुझ्या खुब्याचं नाव काढलं की तुझं दूध उतू जायला लागतं. इतकं दूध तुमच्याकडे येतं तरी कुठून? पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण उरलेलं भाऊजी मोठ्यानं वाचतील.

आत्याचं मी विसरलेले नाही. तिच्या खुब्यात बसवलेला गोळा आतल्या आत फुटला, तेव्हा तिचं सगळं तूच केलंस. पुन्हा कापाकापी झाली, पण ती नीट अशी चाललीच नाही. 'खुरडत मरेन, पण असलं काही अंगात घालून घेणार नाही,' असं तू तेव्हा म्हणालीस, ते मला समजतं. म्हणूनच कारखान्यात काय झालं ते सांगते.

आमच्याकडे तसेच गोळे बनतात, सिरॅमिकचे. माझं काम त्यांना बोलतं करायचं. गोळा तीन बारीक टेकूंवर ठेवायचा, हलकी टिचकी द्यायची आणि नाद किती टिकतो ते मोजायचं. तो इतका उंच असतो की आपल्या कानांना येत नाही, यंत्राला येतो. गोळा आतून एकसंध असेल तर नाद रेंगाळतो. आत केसाहून बारीक भेगा असल्या तर त्यांच्या कडा एकमेकींवर घासतात, नादाचा जोर त्या घासण्यात जातो आणि तो लवकर विझतो. यालाच अंतर्गत घर्षण म्हणतात. धातूतही हेच, तिथे तर अणूनं जागा बदलली तरी या घर्षणातून कळतं.

हिवाळ्यात एक खेप आली. आरशासारखी लखलखीत, एक्स-रे स्वच्छ. पण बऱ्याच गोळ्यांचा नाद लवकर मरत होता. मी खेप अडवली. साहेब स्वतः खाली आले.

"अहो बाई, एक्स-रेत काही नाही. आवाज जरा लवकर थांबला म्हणून अख्खी खेप भंगारात घालू?"

"कापून बघू या."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर मी चुकले, असं सगळ्यांसमोर म्हणेन."

पहिला कापला, काही नाही. दुसरा, काही नाही. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. ताई, यंत्राचीच खोड असेल का, टेकू सैल असतील का, नाही नाही ते मनात आलं. टेकू तपासून पुन्हा मोजलं. उत्तर तेच. मग तिसरा उभा कापायला सांगितला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत भेगांचं जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं. पहिले दोन आडवे कापले होते, ते उभे कापले, त्यांतही तेच.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "माझ्या आईला बसवलाय यातला एक. आधीच्या खेपेतला."

त्या आधीच्या खेपेचे राखून ठेवलेले गोळे आम्ही त्याच दिवशी मोजले. ठणठणीत होते. दोष भट्टीचा निघाला. ती घाईनं निवत होती. आता तिला सावकाश निवू देतात, आणि टिचकी दिल्याशिवाय एकही गोळा बाहेर जात नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. अक्षर एवढं वाकडं का, असं तू मघापासून म्हणत असशील. पाठीला उश्या लावून लिहिते आहे. आपल्या घराण्याचा खुबा मलाही मिळालाय, ताई. बराच काळ लंगडत होते. फोनवर चाल दिसत नाही. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. गोळा आमच्याच कारखान्यातला. आधी सांगितलं असतं तर तू दारात आडवी पडली असतीस आणि मी थांबले असते. मलाही आत्या आठवत होतीच. भूल देईपर्यंत मी नर्सचा हात सोडला नाही. रोज मोजमाप करणारीची ही गत!

पक्की हमी कुणीच देत नाही, मीही देणार नाही. पण काल काठीशिवाय जिना उतरले. तुझी भाची खालून ओरडत होती, "आई, कठडा सोडू नकोस!" शेवटच्या पायरीवर दोघी रडलो, मग हसत सुटलो. शेजारीण दार उघडून बघून गेली.

भाऊजींना सगळं माहीत होतं. पुढच्या सोमवारी, २४ तारखेला, त्यांनी तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांच्यावर डाफरू नकोस, गळ मी घातली. नुसतं दाखवून ये. नको म्हणायचं तर डॉक्टरांच्या तोंडावर म्हण. हो म्हणालीस तर मी येईन, चालत, आणि तू घरात फिरायला लागेपर्यंत राहीन. मला काय बोलायचं ते तेव्हा समोर बसवून बोल.

तुला न विचारता पुढे गेलेली, आणि आता वळून तुझी वाट बघत थांबलेली,

तुझी धाकटी