मागच्या दाराची कडी

राहुरी, २१ नोव्हेंबर १९९६

प्रिय प्रशांत,

तुझी पटकथा येऊन दहा दिवस झाले. पाकीट इतकं जाड होतं की पोस्टमन म्हणाला, "बाई, कोर्टाची कागदं का काय?" सोबतच्या चिठ्ठीत तू एकच प्रश्न विचारला होतास, "अक्का, खरं सांग, भीती वाटते का?" उत्तराला उशीर झाला, कारण मी पटकथा तीनदा वाचली आणि उत्तर आधी माझ्या रोजच्या वहीत लिहून पाहिलं. चार पानं लिहिली, चारही खोडली. एस.टी.डी. बूथवरून फोन केला असता, पण मागे माणसं ताटकळत असली की मला खरं बोलता येत नाही.

आधी घरची खबर. यांनी पहिली वीस पानं वाचली आणि म्हणाले, "मेहुण्याला कळव, त्या चोराला आमच्या क्वार्टरचा पत्ता देऊ नको, नेण्यासारखं काही नाही, उगाच चिडायचा." आमची अश्विनी आता बारावीला, स्वतःला फार शहाणी समजते. ती म्हणाली, "मामाचा चोर बोलायला लागला की भीती जाते. गप्प असतो तोवर मला पाणी प्यायला उठावंसं वाटेना." मला तिचं पटलं. तुझा चोर शेवटच्या तीस पानांत फार बोलतो. सुरा काढतो, धमक्या देतो. तिथे मी चहा ठेवायला उठले आणि दूध उतू न जाऊ देता परत आले, यावरून काय ते समज.

पण पहिल्या भागात मी हलले नाही. का, याचा बराच विचार केला. चोर यायच्या आधी तू ते घर आम्हाला नीट दाखवतोस. पुढचं दार, मधली खोली, कोपऱ्यातली ज्वारीची पत्र्याची कोठी, तिच्यावर अंथरुणांची चळत, मागचं दार. कुठल्या फरशीवर पाय पडला की वाजते, तेही आम्हाला माहीत होतं. त्यामुळे बाहेर सावली हलते तेव्हा आम्ही घरातले झालेलो असतो. घर परकं राहिलं असतं, तर भीतीही परक्याचीच राहिली असती.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्यांनी व्हिडिओ आणला होता. भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून सगळ्या कॉलनीने असाच एक सिनेमा पाहिला. एकटी बाई स्वयंपाक करत असते आणि तो माणूस आधीच घरात शिरलेला असतो. आम्हाला दिसतो, तिला नाही. जयमालाबाईंना तर तू ओळखतोस, पोळीला तूप किती लावावं याच्यावरही ज्या भांडतील, त्या पडद्याला ओरडायला लागल्या, "अगं बये, मागं बघ की!" नेमका तो हात पुढे करतो आणि लाइट गेली. तास झाला तरी आली नाही. सगळे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी नळावर जी ती बाई सांगत होती की सिनेमा फार भारी होता, आणि शेवट कुणीच पाहिला नव्हता. म्हणजे आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही, एवढ्यावरच आम्ही अडकलो होतो. तुझ्या पटकथेत असं एकच ठिकाण आहे. लहान मुलगा कोठीमागे वाकळेखाली लपलाय, त्याच्या तोंडावर बहिणीचा हात आहे, आणि चोर खोलीत उभा आहे. त्याला मुलगा दिसला की नाही, हे तू सांगत नाहीस. ते पान मी वाचलं आणि मला श्वास घ्यायचं सुचलं नाही.

दोन गोष्टी मात्र बघणारे विचारतील. पहिली म्हणजे चोर मागचं दार किंचित वर उचलतो, आत ढकलतो आणि कडी आपोआप सुटते. हे त्याला कसं माहीत? परक्याने धक्के मारले असते, पहार घातली असती. दुसरी, तो खोलीत येतो आणि काही घ्यायच्या आधी भिंतीवरची बाबासाहेबांची वाकडी झालेली तसबीर सरळ करतो. तुझ्या सगळ्या पटकथेतली ही सगळ्यात अंगावर येणारी जागा आहे. पण चोर तसबीर कशाला सरळ करेल? तू म्हणशील, अक्का, मला तसंच आठवतं. मला माहीत आहे तुला तसंच आठवतं. तू चार वर्षांचा होतास आणि वाकळेच्या फटीतून बघत होतास. त्यानंतर घरात कितीदा म्हटलं गेलं, भिंगारला आपल्याकडे एकदा भरदिवसा चोर आला होता. तू लहानपणी ते सगळ्यांना रंगवून सांगायचास, आणि आई त्या वेळी उठून बाहेर जायची.

प्रशांत, चोराने काहीच नेलं नव्हतं. हे तुला कधी खटकलं नाही, यात तुझा दोष नाही, आम्ही ते खटकू दिलं नाही. ते दार ज्या माणसाने केलं होतं, त्यानेच ते उघडलं. ओल्या लाकडाचं दार होतं, वाळल्यावर खाली बसलं, आणि उचलल्याशिवाय कडी नीट लागायची नाही की सुटायची नाही. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं, मला, आईला आणि आप्पांना. उरलेल्या लाकडाची चौकट करून ती तसबीरही त्यांनीच लावली होती.

तुला सांगितलं होतं की तू दीड वर्षाचा असताना आप्पा सुरतेला कामाला गेले आणि त्यांनी परत मागे वळून पाहिलं नाही. गेले हे खरं. पण आईनेच त्यांना घराबाहेर काढलं. तिचं डावं मनगट विहिरीवर पडून वाकडं झालेलं नव्हतं. ते दारू प्यायचे, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. सुरतेत त्यांनी दुसरं घर केलं. मग अडीच वर्षांनी कुणाच्या तरी तोंडी निरोप आला, "पोराला न्यायला येतोय."  त्या दुपारी आईने आपल्या दोघांना आत ठेवलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, आणि समोर चांदबीच्या घरात जाऊन बसली. आप्पा आल्यावर चांदबीने दारातूनच सांगितलं, "सगळे गावाला गेलेत." ते मागच्या बाजूला गेले. दार उचलल्याचा आवाज मी ओळखला.

तुझ्या तोंडावर माझा हात होता. माझ्या तोंडावर कुणाचाच नव्हता, तरी मी गप्प राहिले. मी सतरा वर्षांची होते, अडीच वर्षांनी त्यांचे पाय बघत होते, आणि हाक मारावीशी वाटत होती. आईचं मनगटही डोळ्यांसमोर होतं. माझं बरोबर होतं की चूक, हे मी सव्वीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने वहीत लिहिलंय. त्या दिवशीच्या पानावर मात्र लिहिलंय, "आज चोर आला होता." माझ्या सगळ्या वह्यांत जाणूनबुजून लिहिलेलं तेवढंच एक खोटं वाक्य. जाताना ते कोठीवर एक लाकडी भोवरा ठेवून गेले. मी तुला सांगितलं, जत्रेतून आणला. चौथीपर्यंत तू तो उशाशी घेऊन झोपायचास. आई असेपर्यंत बोलायचं नाही, असं तिने मला शपथ घालून सांगितलं होतं. तिला जाऊनही दोन वर्षं झाली, आणि आता मला गप्प राहायला तिचं कारण उरलेलं नाही.

आता हे आजच का लिहिते. मंगळवारी लायब्ररीतून घरी आले तर अश्विनी खिडकीतून खुणा करत होती. दार आतून बंद. म्हणाली, "आई, मामाच्या गोष्टीतला माणूस पायरीवर बसलाय. पाणी मागत होता, मी दार उघडलंच नाही." पायरीवर आप्पा होते. खूप वाळलेत, एक डोळा अधू झालाय. सुरतेचं घर संपलं, ती बाई वारली. मालेगावला पुतण्याकडे राहायला चाललेत. अश्विनीवर रागावले नाहीत. "बरं केलंस बाई, उघडलं न्हाई. वळख न्हाई तर उघडू नै," एवढंच म्हणाले. काल मी विचारलं, त्या दिवशी आम्ही घरात होतो हे कळलं होतं का?  म्हणाले, "वाकळंखालून पोराचे पाय दिसत हुते. एका पायात काळा दोरा हुता. उचलायला वाकलोच हुतो, तर तुजा हात दिसला, त्याच्या तोंडावरला. थरथरत हुता. म्हनलं, माजी पोरगी मला येवढी भेती. मंग गेलो." तुझा चोर पुढे काय करतो, ते मला काल कळलं, म्हणून ती तीस पानं तू कुणाला द्यायच्या आत हे पत्र टाकतेय. मनगटासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही, तूही करावंस असं म्हणत नाही. त्यांनी तुझं नाव एकदाही काढलं नाही, फक्त तुझा फोटो कुठे आहे ते बघून ठेवलंय. पुढच्या रविवारी, एक तारखेला, दुपारच्या गाडीने ते जाणार, तोवर आमच्याकडेच आहेत. यावंसं वाटलं तर ये, नाही आलास तर मी समजेन. आमचंही मागचं दार खाली बसून कुरकुरायचं, ते त्यांना सहन झालं नाही, सकाळपासून रंधा घेऊन बसले होते. आता ते उचलून ढकललं तरी कडी सुटत नाही. आतूनच काढावी लागते. तू नुसती हाक मार, या वेळी मी काढीन.

तुझीच,
अक्का