अर्ध्या सुराने खाली

पार्मा, ४ नोव्हेंबर १९५७

लाडक्या निवेस,

तुझ्या मावशीचे अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, मग मीही त्यांच्यावर कुरकुरते. धुकं यंदा लवकर आलं, त्यामुळे गाण्याच्या शिकवणीच्या मुलींना दांडी मारायला आयतंच कारण मिळालंय.

तुमची रेकॉर्ड पोचली. आत तुझ्या हातची एखादी ओळ असेल म्हणून मी खोक्याचा कागदसुद्धा उलटसुलट करून पाहिला. असो. माझ्याकडे ग्रामोफोन नाही, म्हणून मेदार्दोच्या सलूनमध्ये लावली. आपल्या थिएटरच्या गॅलरीतली सगळी मंडळी जमली. ओरेस्ते खाटीक तर दुकान बंद करून आला. नव्या गायिकेला पहिल्याच अंकात रडवल्याशिवाय या लोकांना जेवण जात नाही, तुला माहीत आहेच. पण तू त्यांची पोर. तुझा आवाज येताच सगळे टोप्या काढून बसले.

ऑपेराच्या तिसऱ्या अंकातली विधवेची प्रार्थना सुरू झाली आणि मेदार्दो वस्तरा हातात धरूनच ओरडला, "अरे, पट्टी कुणी खाल्ली? अर्धा सूर खाली आहे हे!"

"आणि एवढी घाई कसली?" मागून कुणीतरी म्हणालं. "बाई देवाशी बोलतेय की गाडी पकडतेय?"

मी त्यांना दटावलं. वाद्यवृंद रुज्जेरोंचा, लयही त्यांनीच ठरवायची. तुझा नवरा मोठा माणूस आहे, मी म्हातारी काय बोलणार? पण एक विचारू? 'क्षमा' म्हणताना तू शब्दाच्या मधोमध श्वास घेतलास. परकर घालायचीस तेव्हापासून ती अख्खी ओळ तू एका दमात गात आलीयस, तीही याच्या दुप्पट संथ. आणि हा श्वास गळ्याशीच अडतो, खाली उतरतच नाही. मी रंगमंचाच्या पायऱ्यांवरून पडले आणि बरगडी तडकली, तो हिवाळाभर मी असाच श्वास घेत होते.

विधवा मुलासाठी देवाला विनवते, तिथे माया हवी. तुझ्या आवाजात भीती आहे. लय बदलली, पट्टी उतरवली, ते मी समजून घेईन. ही भीती कुणी बसवली?

गाणं संपल्यावर ओरेस्ते म्हणाला, "एर्सिलियाबाई, पोरीला कुठंतरी दुखतंय हो."

दोन ओळी लिही. टाइप केलेल्या नकोत, तुझ्या हातच्या.

तुझी वाट पाहणारी,
मावशी

*

मिलान, ११ नोव्हेंबर

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार. निवेसची पत्रं हल्ली मीच उघडतो. तिला उगाच मनस्ताप नको.

तुमचे कान अजून शाबूत आहेत हे वाचून आनंद झाला. होय, पट्टी मी उतरवली आणि लय वाढवली. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ती जिन्यावरून घसरली होती. दीर्घ स्वर धरता येईनात, वरचा सूर लागेना. दुसऱ्या कुणी तिला घरी पाठवून दुसरी गायिका आणली असती. मी तिला गायला लावलं, म्हणून आज ती रेकॉर्ड आहे. तुम्हाला जी भीती वाटते, तिला इथले समीक्षक 'काळजाला हात घालणारी आर्तता' म्हणतात.

तुम्ही तिला फार हट्टी करून ठेवलं होतं. ते मोडायला मला वेळ लागला.

गेल्या महिन्यात ती पुन्हा पडली. हात दुखावलाय, म्हणून लिहिता येत नाही. ओर्ताच्या तळ्याकाठच्या घरी तिला विश्रांतीला ठेवलंय. रखवालदाराची बायको जेवण देते. भेटीगाठी बंद आहेत. शनिवारपर्यंत माझ्या इथे तालमी आहेत, मी रविवारी तिकडे जाईन. तुम्ही यायची तसदी घेऊ नये. थंडीत जिने निसरडे असतात, तुमच्या वयाला जपायला हवं.

आपला नम्र,
रुज्जेरो वालसेक्की

*

ओर्ता, गुरुवार, १४ नोव्हेंबर

लाडक्या निवेस,

नाही. पाकिटावर नाव तिचं असलं तरी हे वाचताय तुम्ही, रुज्जेरो. मग तिच्या आडून कशाला बोलू?

तुमचं पत्र मी ओरेस्तेच्या हातात दिलं. वाचून त्यानं अंगावरचं एप्रन उतरवलं आणि मटणाची गाडी काढली. आता तळ्यासमोरच्या कॅफेत बसून लिहितेय. दुपारच्या टपालात टाकलं की उद्या तुमच्या कॉफीबरोबर येईल.

इथून घर दिसतं. सगळ्या खिडक्या बंद, वरच्या एकीवर बाहेरून फळी ठोकलेली. रखवालदाराची बायको बाजारात भेटली.

"बाईसाहेब कशा आहेत?" मी विचारलं.

"झोपूनच असाव्यात हो. आधी हळू हळू गायच्या, एकच ओळ. आता तेही नाही. कालचं ताट फटीशी तसंच पडून आहे."

"दार उघडून बघितलं नाहीस?"

"मालकांनी बजावलंय, ताट फटीतून सरकवायचं. बघायचं नाही."

चावी मागितली तर तिनं लगेच काढून दिली आणि एप्रनला डोळे पुसत निघून गेली. कुणीतरी मागेल म्हणून ती किती दिवस थांबली होती कोण जाणे. मला तिचा संताप आला आणि दयाही.

जानेवारीत तुम्ही आमच्या थिएटरात येणार आहात, म्हणे. या. गॅलरीतल्या सगळ्यांना मी तुमचं पत्र वाचून दाखवलंय. ते शिट्या मारणार नाहीत, ओरडणारही नाहीत, तसं कबूल करून घेतलंय. नुसते तुमच्याकडे बघत बसतील. आणि ती रेकॉर्ड तुम्हीच दुकानादुकानांत पाठवलीत. कान असलेला माणूस काही एकट्या पार्म्यात नाही.

ओरेस्ते फाटकाशी उभा आहे, हात करून बोलावतोय. मला भीती वाटतेय, रुज्जेरो. फार वाटतेय. तिचा आवाज गेला असेल तर जाऊ दे, पोरगी जिवंत असू दे. असली तर तिला घेऊन जाते, आणि तुम्ही आमच्या दारात पाऊल टाकू नका. नसली तर रविवारपर्यंत तुम्हाला थांबावं लागणार नाही. आम्हीच मिलानला येतो.

तुमची कुणीही नव्हे,
तिची मावशी,
एर्सिलिया