बापूचे चौकोनी टोकन

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी. सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी नाडी पाहिली, इकडचे तिकडचे चार प्रश्न विचारले आणि डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. येताना कोरे कागद आणले. जेवण झाले. आता वर्कशॉपच्या टेबलाशी बसलो आहे. साक्षीदार चार वाजता येणार आहेत.

मी, वय अडुसष्ट, धंदा कारखान्यांचे बॉयलर व वाफेच्या लाइनी बसवणे, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीची. तिच्यामागे मुलाची. वर्कशॉप त्याला नको आहे, हे त्याने तोंडावर सांगितले: "बाबा, मला स्वप्नातसुद्धा पाना धरता येत नाही." खरे बोलला, म्हणून माझा राग नाही.

२. धंद्यातील माझा निम्मा हिस्सा, शेड आणि कामांच्या वह्यांसह, माझ्या भाचीला द्यावा. उरलेला निम्मा तिच्या वडिलांकडून तिच्याकडे आलेलाच आहे. तिचे वडील म्हणजे माझा मेहुणा, बापू. सात महिन्यांपूर्वी तो गेला.

हा धंदा आम्ही दोघांनी सुरू केला. एकाच गिरणीच्या बॉयलरवर नोकरीला होतो, ती एकाच दिवशी सोडली. पत्नी तेव्हा म्हणाली होती, "घरात दोन बेकार मी सांभाळीन, पण एका बॉयलरवर दोन शहाणे कोण सांभाळणार?" पहिले काम रंगाईच्या कारखान्यात मिळाले. तिथे मी लाइनीखाली शिरून जोड आवळत होतो. काम करताना मी टोपी खुंटीला टांगत असे; ती तिथे दिसली नाही, तेव्हा दाजी चहाला गेले असे समजून बापूने वाफ सोडली. टोपी माझ्या डोक्यावरच होती. डाव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून मिटत नाहीत.

त्याने माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पितळेची दोन टोकने कापून आणली, माझे गोल, त्याचे चौकोनी. व्हॉल्व्ह बंद करील त्याने आपले टोकन त्यावर अडकवायचे, आणि ज्याचे टोकन त्यानेच ते काढायचे. एकतीस वर्षे हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

३. हत्यारे. आटे पाडायचे यंत्र आणि वेल्डिंगचा संच भाचीला. बापूची पातळी पाहायची पाणसळ तिचीच आहे, माझ्या कपाटात आहे एवढेच. मोठा पाना पलीकडच्या गल्लीतल्या कंत्राटदाराला उसनासुद्धा देऊ नये. मागे त्याने तो जबडा तुटलेला परत केला आणि वर म्हणाला, "आधीपासूनच तसा होता."

४. हे कलम मुख्य आहे. दवाखान्याच्या धुलाईघरात आम्ही बसवलेले दोन बॉयलर आहेत. गेल्या जुलैत दुसऱ्या बॉयलरच्या लाइनीजवळ बापू थांबला आणि म्हणाला, "दाजी, यात काहीतरी वाजतंय."

मला काही ऐकू आले नाही. घाई होती. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुझ्या कानात वाजतंय. वय झालं आता."

त्याने व्हॉल्व्ह बंद केला, चौकोनी टोकन अडकवले. "उद्या कान साफ करून येतो. मीच काढीन." एवढेच बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता तो गेला.

तेव्हापासून तो बॉयलर बंद आहे. दवाखान्याच्या सगळ्या चादरी एका बॉयलरवर धुतल्या जातात. तोही बंद पडला तर ऑपरेशनला स्वच्छ कापड मिळणार नाही, हे मला कळते. तिथला सुपरवायझर आधी विचारायचा, आता नुसता बघतो. गेल्या आठवड्यात भाची वर्कशॉपमध्ये आली.

"आतोबा, बाबांचं टोकन अजून तिथंच आहे."

"ज्याने लावलं त्यानेच काढायचं."

"बाबा येणार नाहीयेत. आणि उद्या तुमचं असंच लटकत राहिलं, तर मी कोणाला विचारायचं?"

म्हणून नियमाला ही जोड देतो. टोकनवाला हयात नसेल तर त्याच्या भागीदाराने एकट्याने जावे. आधी आपले टोकन शेजारी अडकवावे. मग लाइन टोकापासून टोकापर्यंत हाताने तपासावी. गेलेल्या माणसाने ती का बंद केली, ते सापडल्याशिवाय त्याचे टोकन काढू नये. माझ्यामागे माझे टोकन भाचीने काढावे.

लिहून ठेवणार: सही (दाजी)
साक्षीदार: सही (डॉक्टर), सही (शेजारचा टर्नर)
ठिकाण: वर्कशॉप. दिनांक ११ फेब्रुवारी.

पुरवणी, दिनांक १२. यात मालमत्तेचा विषय नाही, म्हणून साक्षीदार बोलावले नाहीत.

सकाळी पाणसळ घेऊन धुलाईघरात गेलो. गोल टोकन चौकोनी टोकनाशेजारी अडकवले. शिडी लावून लाइन तपासत गेलो. तिसऱ्या टांगणीचा नट सुटला होता, पाइप दोन बोटे खाली आला होता. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. त्या खोलगट भागात पाणी साचत होते आणि वाफ आली की ते पाइपावर आपटत होते. आणखी काही दिवस तसेच चालले असते तर जोड फुटला असता, आणि खाली यंत्रात कपडे भरणाऱ्या बायका उभ्या असतात.

बापूच्या कानात काही नव्हते.

पाइप उचलून नट आवळला, साचलेले पाणी काढून टाकले. बुडबुडा मध्ये आला. चौकोनी टोकन काढून वरच्या खिशात ठेवले, भाचीला द्यायचे आहे. मग माझे काढले. व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला आणि पाइपाला हाताची मागची बाजू लावून, तो तापेपर्यंत उभा राहिलो.